खोकून दाखवा

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा होता. घरात सगळ्यांना तो ठाऊक होता आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. आबा धोतराच्या आत जाड कापडाची पट्टी करकचून बांधायचे. ती पट्टी आजी धुऊन वेगळ्या दोरीवर, घरामागे, कुणाला दिसणार नाही अशी वाळत घालायची. खोकताना, ओझं उचलताना, बैल वळवताना आबांचा एक हात नकळत तिथे जायचा. रात्री आडवं झालं की फुगवटा आपोआप आत बसायचा, म्हणून त्याला रोग असं कुणी म्हणतच नसे. आमच्याकडे त्याला अंतर्गळ म्हणतात. हर्निया हा शब्द मी पुष्कळ वर्षांनी शिकले.

२०१० ची दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी जोरात होती. दिवसभर गाठोडी वाहून आबा जेवायला बसले आणि दुसऱ्या घासालाच उठले. फुगवटा आत जाईना. तो दगडासारखा टणक झाला होता आणि आबा त्याला हात लावू देत नव्हते. आजीने वीट तापवून शेक दिला. शेजारच्यांनी तेल चोळायला सांगितलं. मी तेव्हा चौथीत होते. उंबऱ्यावर बसून मी आबांना हिरवं पाणी ओकताना पाहिलं. रात्री अकराला जीप मिळाली. आमचं हिमायतनगर (जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात) तसं तालुक्याचं गाव, रेल्वेचं स्टेशन असलेलं, मोंढा (धान्यबाजार) असलेलं. पण त्या रात्री पोट उघडणारा डॉक्टर गाठायचा तर आम्हाला ठाऊक असलेलं ठिकाण एकच, भोकरवरून नांदेड, आणि त्या वेळच्या रस्त्याने दोन तासांच्या वर. दादा, म्हणजे माझे वडील, मागच्या बाकड्यावर आबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि जीप गेली.

पहाटे ऑपरेशन झालं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा ट्रे होता आणि त्यात हातभर आतडं होतं, जांभळं-काळं. नातेवाइकांना काढलेला भाग दाखवण्याची रीत आहे, हे मला आता माहीत आहे. दादांना तेव्हा ते माहीत नव्हतं. ते मटकन खाली बसले. सर्जन त्यांच्या शेजारी बसून म्हणाले की हेच पाच वर्षांपूर्वी आले असते तर तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले असते. एकोणीस दिवसांनी आबा घरी आले, काटकुळे होऊन, पोटावर नाभीच्या वरून खालपर्यंत उभा वण घेऊन. बैलजोडी तेवढ्यात विकली गेली होती. दादा मोंढ्यात हमालीला जायला लागले ते त्या वर्षापासून.

मला डॉक्टर व्हायचं होतं ते कशामुळे, असं कुणी विचारलं की मी आजवर काहीतरी दुसरंच सांगत आले. ट्रेमधल्या आतड्याची गोष्ट मला दादांनीही सांगितली नव्हती. मेडिकलला नंबर लागल्याच्या रात्री त्यांनी ती पहिल्यांदा सांगितली, अंगणात, अंधारात, माझ्याकडे न बघता.

मधली वर्षं लवकर सांगून टाकते. जिल्हा परिषदेची शाळा झाली, मग अकरावी-बारावीला लातूर. तिथे मराठवाड्यातली निम्मी पोरं एकाच ध्यासाने खोल्या करून राहतात, मीही राहिले. २०१९ मध्ये नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. हे कॉलेज १९८८ सालचं आहे आणि आता गावाबाहेर विष्णुपुरीला आहे. पहिल्याच वर्षी, मार्च २०२० मध्ये, टाळेबंदी लागली आणि आम्ही सगळे घरी. रेंज मिळावी म्हणून मी पत्र्यावर चढून, डोक्यावर ओढणी घेऊन, लेक्चरं ऐकली. आजी खालून विचारायची, वर काय वाळत घातलंय म्हणून.

शरीररचनेतला इंग्वायनल कॅनॉल हा धडा सगळ्यांना नकोसा वाटतो. जांघेच्या वर, तिरका जाणारा, चार सेंटिमीटर लांबीचा एक बोगदा. त्याला पुढची भिंत, मागची भिंत, छप्पर, तळ. आत शिरायचं एक दार, बाहेर पडायचं दुसरं. मुलं म्हणत, पाठ करा आणि विसरा. मला तो पहिल्या दिवसापासून पाठ झाला. मृतदेहाच्या टेबलाशी उभी राहून मी त्या भिंतीवरून चिमटा फिरवला, तेव्हा ती मला इतकी पातळ लागली की आबांनी तिच्यावर तीस-चाळीस वर्षं ज्वारीची पोती उचलली, याचंच नवल वाटलं.

सर्जरीकडे मन वळलं ते मात्र ऑपरेशन बघून नाही, हातामुळे. गाठ मारायला शिकवणारी आमची एक ज्युनिअर रेसिडेंट होती. तिने मला रेशमी धाग्याची उरलेली रिळं दिली आणि सांगितलं, डोळे मिटून जमेपर्यंत माझ्याकडे येऊ नकोस. मी खुर्चीच्या पायाला, बादलीच्या कडीला, हॉस्टेलच्या खिडकीच्या गजाला गाठी मारल्या. दोन हातांची, मग एका हाताची, मग डाव्या हाताची. टाके घालायला केळीची साल घ्यायची. अर्धापूरची केळी आमच्याकडे बारमाही, आणि साल मऊ असते, सुई वाकडी गेली की लगेच फाटते, चूक लपत नाही. सुश्रुतसंहितेत शिष्यांनी आधी कोहळा-भोपळा कापून हात तयार करावा असं सांगितलं आहे. दोन-अडीच हजार वर्षांत फळ तेवढं बदललं.

सुट्टीत घरी आले की हे सगळं दादांना दाखवायचे. दादा मोंढ्यात पोती शिवतात. दाभण आणि सुतळी घेऊन, सोयाबीनने भरलेल्या पोत्याचं तोंड ते बोलता बोलता बंद करतात. माझा धागा बघून ते म्हणाले, "माय, लै ओढायलीस. भरलेल्या पोत्याला ओढून शिवलं की शिवण टिकती, पोतं फाटतं." मी तेव्हा हसून सोडून दिलं. त्या वाक्याचा खरा अर्थ मला दोन वर्षांनी ऑपरेशन टेबलाशी कळला.

इंटर्नशिपमध्ये सर्जरीचे सहा आठवडे असतात. बाहेरच्या माणसाला वाटतं की इंटर्न ऑपरेशन करतो. इंटर्न रक्त काढतो, रक्तपेढीत पळतो, नळ्या घालतो, संमतीपत्रावर अंगठा घेतो, केसपेपर लिहितो आणि नशिबात असेल तेव्हा हात धुऊन टेबलाशी रिट्रॅक्टर धरून उभा राहतो. रिट्रॅक्टर धरणं म्हणजे जखमेची कड ओढून दुसऱ्याला दिसेल असं करणं. स्वतःला बहुतेक काहीच दिसत नाही. मनगट भरून येतं. तरी मला ते तास आवडले, कारण तिथे कुणी खोटं बोलू शकत नव्हतं. पोट उघडल्यावर जे असेल ते असतं.

पण मी जास्त शिकले ते वॉर्डात. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला सकाळच्या राऊंडला पहिला प्रश्न विचारतात तो असा: वारा सरला का? ऑपरेशननंतर आतडं काही दिवस निपचित पडून राहिलेलं असतं. ते पुन्हा चालायला लागल्याची पहिली खबर तीच. त्यासाठी सगळा वॉर्ड वाट बघतो. नातेवाईक, सिस्टर, सफाईच्या मावशी, रात्रपाळीचे वॉर्डबॉय मामा. किनवटकडच्या एका म्हाताऱ्याचं फुटलेलं आतडं शिवलं होतं. चौथ्या दिवशी पहाटे त्याच्या सुनेने धावत येऊन मला ड्युटी रूममधून उठवलं आणि डोक्यावरचा पदर नीट करत, लाजत, हसत सांगितलं, "सरला." मी उठून त्याच्या पोटाला कान लावला, स्टेथोस्कोप न घेताच. आत गुडगुडत होतं. मला गाठ शिकवणाऱ्या ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती डबा खात होती, दुपारचा डबा, रात्री दहाला. ती म्हणाली, "ऑपरेशन थिएटर सगळ्यांनाच आवडतं गं. चौथ्या दिवशीचं ड्रेसिंग आवडतं का, ते बघ आधी." मला आवडत होतं. पू निथळून गेलेल्या जखमेत तळाशी लाल, दाणेदार मांस दिसायला लागतं. त्याला बघून मला पेरणीनंतरचं शेत आठवतं.

हर्नियाचं ऑपरेशन मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते एका ट्रॅक्टरचालकाचं. कमरेतून भूल दिलेली. माणूस जागा, छताकडे बघत पडलेला. जांघेच्या वर तिरका छेद, मग एकेक पदर, मग तो बोगदा. ऑपरेशन करणाऱ्या सरांनी धाग्यासारखी एक नस बाजूला धरून दाखवली आणि म्हणाले, ही शिवणीत सापडली तर पेशंट आयुष्यभर तुझ्या नावाने बोटं मोडेल. बाहेर आलेली पिशवी आत सारली. मागची भिंत दिसली, जीर्ण. तिथे साडेसात बाय पंधरा सेंटिमीटरची पांढरी जाळी अंथरली आणि सैलसर टाक्यांनी कडेला बसवली. ओढलं नाही. मला दादांचं पोतं आठवलं.

ओढायचं नाही, ही गोष्ट जगाला कळायला शंभर वर्षं लागली. इटलीतल्या पादुआ गावी बासिनीने १८८० च्या दशकात ही भिंत शिवण्याची पद्धत बसवली आणि पुढची कित्येक दशकं जगभर तीच चालली. स्नायू ओढून आणून एकमेकांना शिवायचे. शिवण टिकायची, शेजारचं जीर्ण झालेलं मांस फाटायचं, आणि हर्निया परत यायचा. १९८० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिक्टेनस्टाइन यांनी ओढायचंच सोडून दिलं. विरलेल्या जागी जाळीचं ठिगळ लावायचं, ताण न देता, आणि शरीर त्या जाळीत आपलं मांस विणून घेतं. पद्धत सोपी, पण जाळी कंपनीची आणि किंमत हजारांत. गावच्या दवाखान्यात औषध, भूल, टाके या सगळ्यांहून ती जाळीच महाग पडायची.

मग धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला सर्जरी करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड घेतलं. औषध न लावलेलं, साधं, बाजारात मीटरवर मिळतं ते. ते धुऊन, कापून, निर्जंतुक करून त्यांनी जाळी म्हणून वापरलं. इतर ठिकाणच्या सर्जननीही वापरून पाहिलं आणि त्याचा वृत्तान्त २००३ मध्ये भारतीय शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात आला. काही रुपयांत जाळी. पुढे युगांडात सुमारे तीनशे पुरुषांवर मच्छरदाणीसारखी स्वस्त जाळी आणि कंपनीची जाळी अशी रीतसर तुलना झाली. ती २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये छापून आली. वर्षभराने पाहिलं तर दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता.

हे मी हॉस्टेलच्या गच्चीवर मोबाइलवर वाचलं आणि मला रात्रभर झोप आली नाही. आमच्या वर्गात ज्या शोधांची नावं येतात ते शोध दूरचे असतात. हा शोध दोंडाईच्याचा होता. आणि तो लागला, कारण त्या माणसासमोर रोज असे पेशंट बसत होते ज्यांना जाळी परवडत नव्हती. मोठ्या शहरात राहून हा प्रश्न पडलाच नसता. मी सुट्टीत दादांना सांगितलं. त्यांनी मच्छरदाणीचा कोपरा दोन बोटांत धरला, दिव्यासमोर धरून ओढून पाहिला आणि म्हणाले, "ठिगळाला चांगलंय. पाणी धरत न्हाई, कुजत न्हाई."

आता माझ्या चुकीबद्दल लिहिते. ती न लिहिता पुढचं सांगणं खोटं होईल.

इंटर्नशिपमधले काही आठवडे आम्ही खेड्यातल्या रुग्णालयांत असतो. तशा एका ठिकाणी, संध्याकाळी, साठीची एक बाई आली. कापूस वेचणारी, हातांना बोंडांचे ओरखडे. दोन दिवसांपासून उलट्या, पोट फुगलेलं, दुखत होतं. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली, लुगड्यावरून पोट दाबून पाहिलं. संडास झाली का विचारलं. दोन दिवस नाही, म्हणाली. तेही मी लिहिलं. आणि खाली निदान लिहिलं, पोट बिघडलं. सलाईन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

तिथले वैद्यकीय अधिकारी निवृत्तीला आलेले होते. सर्जन नव्हते. ते रात्री आठला फेरीला आले, कागद वाचला आणि मला एवढंच विचारलं, "जांघ बघितलीस?" मी नाही म्हणाले. त्यांनी सिस्टरला पडदा ओढायला सांगितला आणि स्वतः बाहेर थांबले. मला म्हणाले, तू बघ. मी निऱ्या सैल केल्या. उजव्या जांघेच्या घडीत, खालच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती. लाल, गरम, हात लागताच बाई कळवळली. आतडं अडकलेलं पोट असेल तर जांघ बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मी तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं. बायकांत ही जागा जास्त फसवते, हेही. मी स्वतः बाई असून मी पदर सरकवला नाही, कारण ती लाजत होती आणि मला घाई होती.

१०८ बोलावली. मी अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसून तिच्याबरोबर मोठ्या रुग्णालयापर्यंत गेले. वाटेत मी तिला विचारलं, ही गाठ केव्हापासून? "चार वर्सं झाली, बाई," ती म्हणाली. "सांगावं कुणाला? लेकाला सांगू का?" तिचं ऑपरेशन रात्रीच झालं, आतडं वाचलं, ती आठवड्याने घरी गेली. पण मी सलाईन लावून सोडलेले ते दोन तास माझ्या हिशोबातून जात नाहीत. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१५ मध्ये शस्त्रक्रियेबद्दल जो अहवाल दिला, त्यात असं सांगितलं होतं की सिझेरियन, पोट उघडणं आणि उघडं पडलेलं मोडकं हाड दुरुस्त करणं, ही तीन कामं करणारं रुग्णालय कुठल्याही माणसाला दोन तासांच्या आत गाठता यायला हवं. जगात पाच अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित, परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही, असंही त्यात होतं. मी दोन तास म्हणजे रस्ता असं समजत होते. आमचा हिमायतनगर ते नांदेड रस्ता. त्या रात्री कळलं की त्या बाईचे चार वर्षांचे जे दोन तास होते, ते जांघेपासून तोंडापर्यंत यायचे होते.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारायला लागले. कशासाठीही आलेला असो, खोकल्याला, गुडघ्याला, साखरेला. दम लागतो का, लघवी अडते का, कुठे गाठ आहे का, मग पडद्याआड उभं करून, "खोकून दाखवा." बोटाखाली काहीतरी टक्कर मारतं, तेवढंच. सीमेपलीकडून तेलुगू बोलणारी माणसं येतात, त्यांच्यासाठी मी "दग्गंडी" शिकून घेतलं. पुरुषांना आधी संकोच वाटायचा, पोरीसमोर धोतर सोडायचा. मग मी माझ्याबरोबरच्या इंटर्न मुलाला आत पाठवायचे आणि बायकांकडे मी जायचे. त्या मुक्कामात माझ्या वहीत चौदा जणांची नोंद झाली. कुणाला पंधरा वर्षांचा हर्निया, कुणाला हायड्रोसील, एका बाईला स्तनात गाठ, जी तिने ब्लाउजमध्ये रुमाल घालून झाकली होती. चौदापैकी ऑपरेशनला तयार झाले ते पाच. बाकीच्यांची उत्तरं मी तशीच लिहून ठेवली आहेत: सोयाबीनची रास झाली की. कापूस सरला की. तूर निघाली की. पोरीचं लग्न झालं की. दवाखान्यात सोबतीला कोण राहणार. महिनाभर ओझं उचलू नका म्हणता, मग खायचं काय.

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. पण एवढं दिसत होतं की यातल्या पुष्कळांचं ऑपरेशन गावाजवळ झालं असतं, सकाळी येऊन दुसऱ्या दिवशी बाजेवर घरच्या घरी पडून राहता आलं असतं, तर नाही म्हणायचं कारण उरलं नसतं. त्यासाठी एकटा सर्जन पुरत नाही, हेही मला आता कळतं. भूल देणारा हवा, रक्त हवं, निर्जंतुक करणारं यंत्र चालू हवं, आणि दिवे गेले तर काय करायचं हे ठाऊक असणारी सिस्टर हवी. तरी सुरुवात कुणीतरी तिथे राहायचं ठरवण्यापासूनच होते.

मी सर्जरी घेणार म्हटल्यावर नात्यात काळजी सुरू झाली. मावशीने स्त्रीरोग सुचवलं, मामाने त्वचा आणि केस, गावातल्या एका हितचिंतकाने रेडिओलॉजी, ज्यात रात्री उठावं लागत नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक झालं. एम.एस.ची अजून तीन. त्याआधी नीट पीजी ही प्रवेशपरीक्षा आहे, दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे गुण. सरकारी कॉलेजात शिकल्याबद्दल वर्षभराची बंधपत्रित सेवाही आहे, जिला मुलं ओझं मानतात आणि मी मानत नाही. परीक्षा माझ्या हाताला काही विचारणार नाही. तिला डाव्या हाताने गाठ येते का, पदर सरकवताना कसं बोलावं लागतं, हे तपासता येत नाही. म्हणून मी सकाळी चारला उठून तिचा अभ्यास करते आणि रात्री झोपण्याआधी खिडकीच्या गजाला दहा गाठी मारते. मार्क पडले तर सर्जरीच. पोट, जांघ, स्तन, मूळव्याध, सडलेला पाय. पुढे कशात तज्ज्ञ व्हायचं, असं विचारतात तेव्हा मी यातच म्हणते.

इंटर्नशिप संपत आली तेव्हा, फेब्रुवारीत, मी महाशिवरात्रीला घरी गेले. गावच्या परमेश्वर मंदिराच्या जत्रेची गर्दी होती. देवळाच्या पायऱ्या उतरताना दादांना खोकला आला. धुळीचा, साधा. आणि त्यांचा उजवा हात खाली गेला.

मी काही बोलले नाही. घरी येईपर्यंत त्यांच्या मागे चालत राहिले. रात्री आजी झोपल्यावर विचारलं, "दादा, किती दिवसांपासून?"

"काय?"

"तुमाला ठावं हाय काय ते."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोन वर्सं. आत जातंय माय. काय होत न्हाई. हरभरा निघाला की बघू."

मी त्यांना तपासू शकत नव्हते. शिकलेलं सगळं होतं, बोटांना ती टक्कर ओळखता येत होती, पण त्या एका माणसाला मी खोकून दाखवा म्हणू शकत नव्हते, आणि ते माझ्यासमोर धोतर सोडू शकत नव्हते. मी माझ्याबरोबरच्या मुलाला फोन केला. तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जत्रेच्या निमित्ताने आला, जेवला, आबांशी बोलला. मग दादांना घेऊन आतल्या खोलीत गेला. मी चुलीपाशी बसून राहिले. आतून दादांच्या खोकण्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा. तो बाहेर आला, हात धुतले आणि पुसत पुसत हळू आवाजात म्हणाला, "उजवीकडे. लहान आहे. आत जातो."

आबा बाजेवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी सदरा वर करून आपला तो उभा वण दादांना दाखवला, काही न बोलता, आणि सदरा खाली घेतला. हरभऱ्याचं नाव नंतर दादांनी काढलं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारच्या यादीत दादांचं नाव तिसरं होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकड्यावर बसले, हातात त्यांची चप्पल आणि टोपी घेऊन. आत काय चाललंय ते मला पदरापदराने माहीत होतं. आता नस बाजूला घेतली असेल, आता जाळी अंथरली असेल. पाऊण तासाने थिएटरच्या मामांनी दार उघडलं. ट्रे नव्हता. दाखवायला काही नव्हतं.

कमरेतून भूल दिल्यावर लघवी अडू शकते, म्हणून रात्री ते बघावं लागतं. मी दोनदा विचारलं. दादा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, झोप तू. पहाटे वॉर्डातले मामा रात्रपाळी संपवून निघाले होते. माझ्या बाकड्यापाशी थांबून त्यांनी सांगितलं, "मॅडम, तुमच्या वडलांना लघवी झाली. तुम्हाला सांगा म्हणाले."